एकेचाळीस नंबरचा माणूस

चोंबडा त्या सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बोंबलला, तेव्हा गुणवत्ता अधिकारी उल्का परुळेकरने पहिल्यांदा कपाळाला हात लावला आणि मग शिवी गिळली. महिन्यातली ही अकरावी खेप होती.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त फॉर्मवर लिहिताना लागायचं. कारखान्यातल्या बायकांनी त्याला पहिल्याच आठवड्यात 'चोंबडा' म्हणायला सुरुवात केली, कारण सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणं हेच त्याचं काम होतं. वेंगुर्ल्यापासून बारा किलोमीटरवर, सातेरी महिला काजू संस्थेच्या सोलणी-वर्गवारीच्या मोठ्या हॉलमध्ये तो एका कोपऱ्यात उभा असायचा. फ्रिजएवढा पांढरा डबा. त्यातून निघालेल्या नळ्या प्रत्येक टेबलावर लोंबत. त्या हवा ओढून घ्यायच्या, आणि दर चाळीस मिनिटांनी चोंबडा सांगायचा की या हवेत कोणकोणते जंतू आहेत.

कसं सांगायचा, हे उल्काने चौसष्ट बायकांना एकदा समजावून सांगितलं होतं. प्रत्येक जिवाच्या आत डीएनएचा धागा असतो. यंत्रात केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढी भोकं आहेत. धागा त्या भोकातून ओढला जातो आणि त्यावरचं एकेक अक्षर जाताना विजेचा प्रवाह किंचित बदलतो. त्या बदलावरून यंत्र अक्षर वाचतं. सुईच्या नेढ्यातून माळ ओढावी आणि बोटांना लागणाऱ्या मण्यावरून तो मोती की पोवळं ते ओळखावं, तसं. पूर्वी पंचवीस ग्रॅम काजूत जंतू आहे की नाही हे कळायला चार-पाच दिवस लागायचे. आता हॉलभर पसरलेल्या हवेतला एक तुकडासुद्धा सुटत नव्हता.

भानगड इथेच होती. नियमात 'घातक जंतू अनुपस्थित' असं लिहिलेलं होतं. तो नियम जुन्या चाचण्यांच्या काळात लिहिला गेला, तेव्हा 'अनुपस्थित' म्हणजे 'आम्हाला दिसला नाही.' आता सगळंच दिसू लागलं होतं आणि शब्द तोच राहिला होता. शिवाय निर्यातीचं प्रमाणपत्र आता भिंतीवर टांगायचा कागद नव्हता. ते जिवंत होतं. परदेशातल्या दुकानात गिऱ्हाइकाने पाकीट फोनसमोर धरलं की त्या क्षणी सातेरीच्या हॉलमध्ये हिरवं आहे की लाल, ते दिसायचं.

आतापर्यंतच्या दहा बोंबांमध्ये चार वेळा पाल निघाली, तीन वेळा कौलांवरचा कावळा, एकदा खालच्या वाडीतली कोंबडी आणि दोनदा काहीच सापडलं नाही. प्रत्येक वेळी उल्काने सात पानी अहवाल लिहिला. 'पाल का आली?' 'फट होती म्हणून.' 'फट का होती?' 'दार फुगलं म्हणून.' 'दार का फुगलं?' इथे तिला 'कोकण आहे म्हणून' असं लिहावंसं वाटलं होतं. तिने 'आर्द्रता' लिहिलं.

आज मात्र पडद्यावरचं नाव वाचून तिच्या हातातला पेन थांबला. तो विषमज्वराचा जंतू होता. आणि हा जंतू पालीत राहत नाही, कावळ्यात राहत नाही, कोंबडीत राहत नाही. तो फक्त माणसात राहतो.

खाली पिवळ्या अक्षरांत आलं: 'बहात्तर तासांत उगम निश्चित करा.'

संस्थेच्या अध्यक्षा वत्सला केरकर धावतच आल्या. ही संस्था त्यांनी अकरा बायकांना घेऊन पडवीत सुरू केली होती. "उल्का, परवा कंटेनर भरायचाय. कोण आहे ते शोध आणि घरी बसव, बास."

"बाई, ती कोणी गुन्हेगार नसेल."

"मी कुठे म्हटलं? पण शोध."

शोधणं अवघड नव्हतंच, हेच वाईट होतं. कोणत्या टेबलावर, कोणत्या वेळी तुकडे सापडले, ते चोंबड्याला माहीत होतं. कोण कुठे बसलं होतं ते हजेरीच्या कॅमेऱ्याला माहीत होतं. दोन्हींचा ताळा यंत्राने चार मिनिटांत घातला. खाजगीपणाच्या नियमानुसार पडद्यावर नाव येत नसे, नुसता आकडा येई. 'उगम: ४१.' आकड्यामागचं नाव उघडायचा पासवर्ड एकट्या उल्काकडे होता.

तिने नाव उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

रत्नप्रभा परुळेकर. तिची सासू.

*

माई साठीच्या पुढे गेल्या होत्या आणि वर्गवारीच्या टेबलावर त्यांच्यासारखी बाई जिल्ह्यात नव्हती. काजूचा गर नुसत्या बोटांवरून फिरवून त्या सांगायच्या की हा अखंड, हा पाकळी, हा करपलेला. कॅमेऱ्याच्या वर्गवारी यंत्राला दोनदा त्यांनी चुकीचं ठरवलं होतं. आणि स्वच्छतेच्या बाबतीत त्यांच्यासमोर उल्का म्हणजे गबाळी. घरी परातीला हात लावण्याआधी नातीला, जुईला, कोपरापर्यंत हात धुवायला लावणाऱ्या त्याच.

उल्काने प्रमाणन कंपनीच्या मदत-क्रमांकावर लिहिलं: 'प्रमाण किती आहे? इतक्या कमी प्रमाणात धोका किती?'

यंत्रमदतनीस लगेच उत्तरला: 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मानकानुसार मर्यादा: अनुपस्थित. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?'

"हो, हवीय," उल्का मोठ्याने म्हणाली. "माणूस हवाय."

दीड तासाने माणूस मिळाला. अमोघ नाडकर्णी, पुण्यातला ऑडिटर. पडद्यावर तोही जेवलेला दिसत नव्हता.

"मॅडम, वाहक असणार," तो म्हणाला. "कधीतरी विषमज्वर झाला असेल, बरा झाला असेल. शंभरातल्या तीन-चार जणांच्या पित्ताशयात जंतू तसाच राहतो, खड्यांना चिकटून. माणसाला स्वतःला काही होत नाही."

"मला माहीत आहे. मी एवढंच विचारतेय की जुन्या चाचणीत हे दिसलं असतं का?"

"नसतं."

"मग?"

"मॅडम, मलाही कळतं. पण शून्य म्हणजे शून्य. तुम्ही फॉर्म चौदा-ब भरा, मूळ कारण निवडा, त्या व्यक्तीला कामावरून दूर करा. संध्याकाळी हिरवं होईल."

तिने फॉर्म चौदा-ब उघडला. 'मूळ कारण' या रकान्यात तीन पर्याय होते. अस्वच्छ हात. प्रशिक्षणाचा अभाव. सूचनांचे उल्लंघन. चौथा नव्हता. मोकळी जागाही नव्हती.

*

संध्याकाळी माई मागच्या पडवीत कोकमाची सोलं निवडत बसल्या होत्या. जुई शिकवणीला गेली होती. उल्काचा नवरा संदेश बोटीवर, कुठल्यातरी तिसऱ्याच समुद्रात. उल्का समोर पाटावर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. दुसरा उपाय तिला सुचला नव्हता.

माईंनी हातातलं सोल टाकलं. मग सोलांचं सूप बाजूला आपटलं.

"म्हंजे मी हात धुवणंय नाय, असा तुमचो चोंबडो म्हणता?"

"तसं नाही, माई."

"मगे कसा? पोटातलो जंतू काजूवर चलत गेलो?"

"कितीही धुतलं तरी कणभर काहीतरी राहतं. माझ्याही हातावर राहतं. ते आजवर कुणाला दिसत नव्हतं, आता दिसतं."

"चाळीस वर्सां झाली माका काजूत!" माईंचा आवाज चढला. "मालक लोकांच्या भट्टीवर होतंय तेव्हापासून. एक बोट दाखवूक नाय कोणी!"

उल्काने विचारलं, कधी मोठा ताप आला होता का. माई रागातच म्हणाल्या की एकोणीस वर्षांच्या असताना आला होता, माहेरी, लग्नाआधी. एकवीस दिवस. केस गेले होते सगळे.

आणि बोलता बोलता त्या थांबल्या. उल्काला त्यांच्या चेहऱ्यावरचा तो बदल दिसला आणि पुढचा प्रश्न कुठला येणार, तेही कळलं. संदेशला एक धाकटी बहीण होती. सगळे तिला बेबी म्हणत. सहा वर्षांची असताना तापाने गेली. घरात तिचा एकच फोटो होता, आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"उल्का," माई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "बेबीक तोच ताप होतो. डॉक्टरान सांगलेलो."

"माई..."

"तेका मीच भरवी. माझ्याच हातान."

"नाही, माई," उल्का घाईने म्हणाली. "त्या वर्षी सगळ्या वाडीत साथ होती. पाणी खराब होतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. शक्यच नाही."

माई तिच्याकडे बघत राहिल्या. "तू हय नव्हतंस. वाडीत साथ होती ती तुका कोणी सांगली?"

उल्काने खाली सांडलेलं एक सोल उचलून सुपात टाकलं.

"कागदावर खोटा लिहूचा नाय म्हणान चौदा वर्सां सगळ्यांचो जीव खाल्लंस. आणि माका खोटा सांगतंस?"

उल्का म्हणाली, "मला माहीत नाही, माई. तुमच्यामुळे असेल, पाण्यामुळे असेल. आता ते कुठलंच यंत्र सांगू शकणार नाही. कधीच नाही."

"मगे तसा बोल," माई म्हणाल्या. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण हात चालेना.

*

मंगळवारी सकाळी उल्काला एक गोष्ट आठवली आणि ती आधीच कशी आठवली नाही म्हणून ती स्वतःवरच चरफडली. चोंबडा डीएनए वाचतो. पण जंतू मेला तरी त्याचा डीएनए मागे उरतो. दारावर नावाची पाटी आहे म्हणजे घरात माणूस आहे असं नाही. साबण आणि निर्जंतुक द्रव यांनी मेलेल्या जंतूंच्या पाट्या चोंबडा वाचत असेल तर?

तिने प्रयोगशाळेच्या कपाटातून जुन्या काचेच्या थाळ्या काढल्या. थाळीत जंतूंचं आवडतं अन्न घालायचं, त्यावर हात टेकवायचा आणि उबवणी पेटीत दोन दिवस ठेवायचं. जिवंत असेल तोच वाढतो. मेलेला वाढत नाही. एकट्या माईंना बोलावलं तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून तिने चौसष्ट जणींचे हात टेकवून घेतले, वत्सलाबाईंचे आणि स्वतःचेही.

पण बायका काय दुधखुळ्या होत्या? कोणाला तरी शोधत आहेत, हे दुपारपर्यंत हॉलभर झालं. आणि बोट गेलं बिमलाकडे. बिमला टोप्पो, झारखंडची, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आलेली. 'त्यांच्याकडे काय खातात कोण जाणे,' असं कोणीतरी बोललं. जेवणाच्या सुट्टीत बिमलाच्या शेजारच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या.

माई डबा घेऊन उठल्या आणि त्यातल्या एका जागेवर जाऊन बसल्या.

"ऐका गो सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "तो एकेचाळीस नंबर मी. माझ्या पित्तात जंतू आसा. एकोणिसाव्या वर्सापासून. हेच्यात बिमलाचा काय नाय."

नळ्यांमधून हवा ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. दाराशी उभ्या असलेल्या उल्काला वाटलं, खाजगीपणाच्या नियमाची बावीस पानं आपण उगाच पाठ केली.

*

गुरुवारी सकाळी थाळ्या उघडल्या. माईंच्या थाळीवर विषमज्वराचा एकही ठिपका नव्हता. कुठलाही जंतू वाढू देणारी दुसरी साधी थाळी होती, तिच्यावरही जवळजवळ काही नव्हतं. सगळ्यात स्वच्छ हात त्यांचेच निघाले. सगळ्यात अस्वच्छ कोणाचे, ते उल्काने कोणाला सांगितलं नाही. दिवसभर फोन हाताळणाऱ्या गुणवत्ता अधिकाऱ्याला ते शोभलं नसतं.

तिने थाळ्यांचे फोटो नाडकर्णीला पाठवले.

"उत्तम काम," तो म्हणाला. "पण ही पद्धत पाच वर्षांपूर्वी रद्द झाली."

"रद्द झाली म्हणजे खोटी झाली का?"

"नाही."

"हात स्वच्छ आहेत. त्या वाहक आहेत, त्यांना उपचार हवेत, ते मी करणारच आहे. पण 'अस्वच्छ हात' हे कारण खोटं आहे. मी काय लिहू?"

नाडकर्णीने चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, तुम्ही बरोबर आहात. पण तसा रकानाच नाहीये."

वत्सलाबाई टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होत्या. "अगं, एक शब्द तर आहे," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "तो काय वर्तमानपत्रात छापून येणार आहे? कर क्लिक. चौसष्ट घरं आहेत."

उल्काने पडद्यावरच्या त्या तीन पर्यायांकडे पाहिलं. खरंच एक शब्द होता. पण तो माईंच्या नोंदीत कायमचा राहिला असता, आणि जिल्ह्यातला कुठलाही कारखाना ती नोंद उघडू शकला असता. चाळीस वर्षांच्या हातांवर तीन सेकंदांत मारलेला शिक्का.

"बाई, माझ्याच्याने होणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दुसरी कोणी नेमा आणि तिच्याकडून करून घ्या."

वत्सलाबाई तिला वाट्टेल ते बोलल्या. त्यातलं निम्मं खरं होतं. दुसरी कोणी मात्र त्यांनी नेमली नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी पिवळ्या अक्षरांतली मुदत संपली आणि सातेरीचं प्रमाणपत्र लाल झालं.

*

पुढचे पाच आठवडे हॉल बंद होता. काही बायका रस्त्यात उल्काला पाहून दुसरीकडे बघत. बिमला मात्र रोज येऊन माईंजवळ बसे.

सोनोग्राफीत माईंच्या पित्ताशयात सात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, खडे आहेत तोवर जंतूंना घर आहे. माईंनी फार वेळ घेतला नाही. "काढून टाका ती पिशवी," म्हणाल्या. शस्त्रक्रिया झाली, मग महिनाभर औषधं. भूल उतरत असताना त्या एकदाच बेबीचं नाव घेऊन रडल्या, आणि उल्काने त्यांना रडू दिलं.

टाके सुकल्यावर एके दिवशी त्यांनी विचारलं, "माझ्यासारखी आणखी किती असतली?"

"जिल्ह्यात? शेकड्यांनी असतील. कोणाला माहीत नाही. त्यांना स्वतःलाही नाही."

"आणि तुमचो चोंबडो सध्या काय करता?"

"काही नाही. बंद आहे."

"मगे तो गाडीत घाल."

उल्काने समजावून पाहिलं. यंत्र कारखान्याबाहेर न्यायला परवानगी लागते, परवानगीला अर्ज लागतो, अर्जाला जोडपत्र क लागतं. माई ऐकून घेत होत्या आणि पायांत चप्पल घालत होत्या. शेवटी वत्सलाबाईंनीच टेंपो दिला. का दिला ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "पडून गंजण्यापेक्षा बरं."

पंचक्रोशीतल्या नऊ शाळांमध्ये पोषण आहार शिजवणाऱ्या बायका होत्या. दोन शाळांमध्ये दरवर्षी पोरं तापाने पडत आणि दरवर्षी पाण्याच्या टाकीला दोष दिला जाई. तपासणीला कोण तयार होणार? पण प्रत्येक शाळेत माई आधी स्वतःचीच गोष्ट सांगायच्या, पोटावरचे टाके दाखवायच्या आणि मग चोंबड्याची नळी पुढे करायच्या. बायका तयार झाल्या.

याच दिवसांत निर्यातीतले आणखी सतरा कारखाने लाल झाले. चिंचवाले, आंबावाले, मसालेवाले, सगळे. शून्याच्या नियमात बसणारं कोणीच उरलं नाही, तेव्हा मानक ठरवणाऱ्या समितीला जाग आली आणि फॉर्म चौदा-ब मध्ये चौथा पर्याय वाढवला गेला: 'आरोग्यवाहक, हात निर्दोष, जंतू मृत.' त्यातल्या 'निर्दोष'चं शुद्धलेखन चुकलं होतं. नाडकर्णीने स्वतः फोन करून कळवलं. "भरा एकदाचं," तो म्हणाला. उल्काने भरलं. हिरवं व्हायला अकरा सेकंद लागले, आणि तिला आनंदाऐवजी नुसता संताप आला. अकरा सेकंदांच्या कामाला पाच आठवडे!

त्याच दुपारी सातव्या शाळेचा निकाल आला. एक वाहक. सुगंधा राऊळ, बावन्न वर्षांची, बावीस वर्षं शाळेत भात शिजवणारी.

उल्का आणि माई तिच्या घरी गेल्या तेव्हा तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही हात पदरात लपवले होते.

"सुगंधाताई," उल्काने सुरुवात केली, "घाबरण्यासारखं काही नाही. शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर..."

"तू गप रव," माई म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या सुगंधाच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"पोरां माझ्यामुळे पडत होती, माई?" सुगंधाने खाली मान घालून विचारलं.

उल्काने माईंकडे पाहिलं.

"असतीत," माई म्हणाल्या. "नसतीत पण. माका म्हायत नाय, ह्या माझ्या सुनेक म्हायत नाय. माझी एक चेडू होती गो. बेबी. सा वर्सांची. तेचा मी आजपर्यंत कोणाक सांगूक नाय. तुका सांगतंय."

आणि त्यांनी सांगितलं. फोटोतल्या मुलीला काय आवडायचं, ती कुठल्या फांदीवरून पडली होती, ताप किती दिवस होता, शेवटच्या दिवशी तिने काय मागितलं. उल्का घरात येऊन अठरा वर्षं झाली होती. यातलं एक अक्षर तिने ऐकलेलं नव्हतं. सुगंधाचे हात केव्हा पदरातून बाहेर आले आणि माईंच्या हातात गेले, ते दोघींनाही कळलं नसावं.

ऊन उतरल्यावर माईंनी डोळे पुसले आणि आवाज नेहमीसारखा खणखणीत केला.

"सोमवारी हॉस्पिटलात जावचा. मी येतलंय बरोबर. ही गाडी घेऊन येतली."

"माई, सोमवारी कारखाना सुरू होतोय," उल्का म्हणाली. "पहिलाच दिवस आहे. मला सकाळी आठला तिथे..."

"आणि डबो पण हीच आणतली," माई सुगंधाला म्हणाल्या. "पेज आवडता मा तुका?"